एदनाचा उजवा हात आणि ह्यांचं मशीन

आमच्या ह्यांना जन्मात एकच काम फर्स्ट क्लास येत होतं, खिळा ठोकणं. तीस वर्षं संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये लाकडी पेट्या ठोकल्या. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले, पण ह्यांचा हात काही हातोडीवरून निघाला नाही. घरात खुर्ची डुगडुगली, ठोक खिळा. चित्र टांगायचं, ठोक खिळा. एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर तिथेही खिळा ठोकून मला म्हणाले, "आता बघ, कधी निघायचा नाही." निघाला नाहीच, उलट माझ्या पायात घुसला.

असा हा माणूस. नाव बिन्यामिन, वय बासष्ट, राहणार किर्यात मलाखी. दोन हजार चार साली मार्चमध्ये, पुरीमचा सण नुकताच झालेला, एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून मला म्हणतो, "पनीना, मी मशीन बनवणार."

"कसलं मशीन?"

"एफ्राईमच्या किऑस्कवर होतं ना, उभं राहून खेळायचं. तसलं."

मी म्हटलं, "अहो, ताप आलाय का तुम्हाला? साधा बल्ब बदलायचा तर शेजाऱ्याला हाक मारता!"

तर म्हणाले, "एदनासाठी." मी खुर्ची ओढून समोर बसले.

एदना म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. रेवदंड्याहून मुंबई आणि मुंबईहून इथे, यहुद्यांच्या देशात, असं सगळं कुटुंब चौसष्ट साली आलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आल्या आल्या शर्टांच्या कारखान्यात लागली. लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं कॉलरी शिवल्या, आणि शिवल्या म्हणजे काय, डोळे मिटून शिवायची. जीभ अशी तिखट की सुपरवायझर तिच्या टेबलापाशी यायचा तो टोपी काढून. आम्हा मराठी यहुद्यांत नवस फेडायला एलियाहू हनाबीचा, म्हणजे आमच्या संदेष्ट्याचा, मलिदा करतात ना, पोहे, गूळ, खोबरं कालवून, तर गावातल्या कुणाच्याही घरचा मलिदा कालवायला एदनाच लागायची. तिच्या हाताला गुळाचं माप कळायचं. मी चाळीस वर्षं बघून बघून शिकले नाही.

तर त्या हातावरूनच झटका गेला. डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला पॅरालिसिसचा अटॅक आला. जीभ वाचली. ती वाचणारच होती म्हणा! पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. पण उजवा हात मूठ मिटून बसला तो बसलाच. कुपात होलीमच्या दवाखान्यातून आयेलेत नावाची एक गोड मुलगी व्यायाम घ्यायला यायची. तिने एक लाल रबरी चेंडू दिला. दाबा, सोडा, दिवसातून शंभर वेळा. आणि जाताना दाराबाहेर मला हळूच सांगितलं, "पहिल्या सहा महिन्यांत हात जागा झाला तर झाला. त्यानंतर फार कठीण."

एदनाने काय केलं? चेंडू खिडकीतून बाहेर फेकला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे?" म्हणाली. चेंडू शेजारच्या कुत्र्याने नेला. महिनाभर व्यायाम झाला तो कुत्र्याचा.

तीन महिने गेले होते. ती खुर्चीत बसून भिंतीकडे बघायची. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो, मग मी तिच्यावर ओरडायची, आणि ती उलट ओरडायचीसुद्धा नाही. एदना उलट ओरडत नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

आता एफ्राईमच्या किऑस्कची गोष्ट. ब्याऐंशी साली कारखान्यासमोर एफ्राईमने एक मशीन ठेवलं होतं. वरून किडे रांगेने खाली उतरायचे, खालून आपल्या जहाजाने त्यांना उडवायचं. सगळी मिसरूड फुटलेली पोरं तिथे, आणि त्यांच्या मधोमध आमची एदना, चौतीस वर्षांची बाई, एका हातात पिटा रोटी आणि दुसऱ्या हातात मशीनची काठी! जेवणाची अख्खी सुट्टी तिथेच. मला मेली लाज वाटायची, रस्त्याच्या पलीकडून जायची मी. एफ्राईमने पुठ्ठ्यावर पहिल्या नंबराचं नाव लिहून लावलं होतं: एदना, ४८,३१०. किऑस्क बंद होईपर्यंत तो पुठ्ठा खाली उतरला नाही.

"तिला चेंडू नको," हे म्हणाले, "पण त्या काठीच्या टोकाला काय असतं? चेंडूच ना?"

काय सांगू, मला त्या क्षणी ह्यांचा इतका अभिमान वाटला की चहात दोन चमचे साखर जास्त घातली. डायबेटिस आहे हेसुद्धा विसरले.

कामाला जागा कुठे? आमच्या इमारतीखाली मिक्लात आहे, लढाईच्या वेळी जीव वाचवायला पळायची सिमेंटची खोली. लढाई नसली की तिथे सायकली आणि मोडके फ्रिज. ह्यांनी एक कोपरा झाडून घेतला. आमची मुलगी ओरिट पेताह तिक्वाला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिला फोन लावला. आम्ही मराठीत विचारतो, ती हिब्रूत उत्तर देते, असं आमचं चालतं. मला वाटलं हसेल. पण ती फोनवर किंचाळलीच! "अब्बा, असले जुने खेळ आता कॉम्प्युटरवर चालतात! आत कॉम्प्युटर, बाहेर लाकडी कपाट, बस्स! आमच्या ऑफिसात एक टाकून दिलेला पडलाय, आणते." आणि शुक्रवारी खरंच गाडीत घालून घेऊन आली, जाडजूड पडद्यासकट.

ह्यांनी पहिल्या आठवड्यात कपाट उभं केलं. मी बघायला गेले तर काय? संत्र्याची पेटी! माणसाच्या उंचीची, पण पेटीच. फळ्यांच्या मधे फटी, कडेला खिळ्यांची रांग. फक्त संत्री भरायची बाकी होती. ओरिटने हात लावला तर कपाट डोललं.

"अब्बा, पडदा वीस किलोचा आहे. दोदा एदनाच्या पायावर पडेल." दोदा म्हणजे आत्या. तिने हातोडी उचलली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. "आता स्क्रू."

बासष्टाव्या वर्षी ह्या माणसाने पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला. पेटी मोडली. प्लायवुड आणलं, जाड. दोन्ही बाजूंच्या फळ्या करवतीने एकसारख्या कापायला दोघी आम्ही दोन टोकांना धरून उभ्या. पहिली फळी वाकडी गेली, दुसरी तिच्याहून वाकडी. तिसऱ्या वेळी ह्यांनी दोन फळ्या एकमेकींवर आवळून एकदमच कापल्या, आणि उचलून बघतात तर हुबेहूब! "पनीना! बघ! बघ ना!" अहो, पहिली मुलगी झाली तेव्हा इतके नाचले नव्हते.

मग बटणं आणि काठी आणायला पेताह तिक्वाला गेलो, ओरिटने दाखवलेल्या दुकानात. दुकानातला यारोन म्हणून पोरगा बरा होता, पण शहाणपणा फार. ह्यांनी कागदावर काढलेला नकाशा बघून म्हणाला, "आजोबा, उलटं काढलंत. काठी डाव्या हाताला, बटणं उजव्या हाताला. सगळ्या जगात असंच असतं."

"माझी बहीण म्हणजे सगळं जग नव्हे," हे म्हणाले. "काठी उजवीकडेच. आणि टोकाचा गोळा तुझ्याकडचा सगळ्यात मोठा दे." यारोनने आतून शोधून लिंबाएवढा लाल गोळा आणून दिला.

वायरिंगचं तर विचारूच नका. ओरिटने एक जुना कीबोर्ड फोडून आतली हिरवी पट्टी काढली, आणि त्या पट्टीला प्रत्येक बटणाची वायर तापल्या कथलाचा डाग देऊन जोडायची होती. ह्यांनी पहिला डाग दिला तो अंगठ्याला. दुसरा टेबलाला. मी बर्फ घेऊन बाजूला बसलेली. दहा दिवस मिक्लातात धूर, शिव्या आणि जळक्या बोटांचा वास! पण अकराव्या दिवशी डाग तांदळाच्या दाण्याएवढे छोटे आणि चकचकीत पडायला लागले. मी भिंग लावून बघितले. खोटं कशाला बोलू, सुंदर होते.

पेसाहचा सण संपला आणि मशीन पहिल्यांदा चालू केलं. पडदा काळा. मग टूं, टूं, टूं, टूं, आणि वरून किड्यांची रांग उतरायला लागली! तेच किडे! मी रस्त्याच्या पलीकडून चोरून बघायचे तेच! ह्यांनी काठी उजवीकडे ढकलली, तर गोळी सुटली. गोळीचं बटण दाबलं, तर जहाज डावीकडे पळालं. वायरी एकीच्या जागी दुसरी! आम्ही दोघं इतके हसलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, सगळं ठीक आहे ना. वायरी बदलल्या, आणि चाललं. मी एक डाव खेळून बघितला, अर्ध्या मिनिटात मेले. मग दुसरा. मग एकच शेवटचा. वर डाळ करपली, पातेलं फेकावं लागलं. मेलं ते व्यसन!

मशीन एदनाकडे न्यायचं म्हणजे शेजारच्याच इमारतीत, तळमजल्यावर. गॅसच्या बाटल्या वाहायच्या हातगाडीवरून नेलं. हॉलमध्ये भिंतीला टेकवलं, उजव्या बाजूला तिचं कपाट. प्लग लावायला जागा शोधतोय, तर कपाटामागच्या फटीतून एका लांब वायरीचं सॉकेटवालं टोक बाहेर आलेलं. "ही काय, इथेच आहे की!" मीच म्हटलं. मीच लावलं.

एदना खुर्चीतून बघत होती. पडदा उजळला, किड्यांचा आवाज आला, तिचा चेहरा हलला. मग तिने काठी बघितली.

"काठी उलट्या बाजूला आहे."

"तुझ्यासाठी," हे म्हणाले.

"म्हणजे हासुद्धा व्यायामच. भाऊ, तू मला लुळीला खेळणं आणलंस?"

ह्यांनी मान खाली घातली. सगळी बोटं भाजलेली, प्रत्येकाला पट्टी. ते बघून माझं डोकंच फिरलं. "नको खेळूस!" मी ओरडले. "ती पुठ्ठ्यावरची एदना वेगळीच होती. अठ्ठेचाळीस हजारवाली. तुला शंभरसुद्धा व्हायचे नाहीत. तुझ्या भावाने उगाच बोटं जाळली!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मला मनातून आनंद झाला. उठली. डाव्या हाताने उजवी मूठ उचलली आणि त्या लाल गोळ्यावर नेऊन ठेवली. दोनशे दहा पॉइंट झाले आणि मेली. "पुन्हा," म्हणाली.

दुपारी एक वाजता मशीन फट्‌कन बंद पडलं.

हे घाबरले. मागची फळी उघडली, प्रत्येक डाग तपासला, फ्यूज बदलला. संध्याकाळपर्यंत काही नाही. सकाळी गेलो तर मशीन चालू! "फ्यूजच होता," हे म्हणाले. दुपारी एक वाजता पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी ह्यांनी अर्धं वायरिंग नवीन केलं. सकाळी चालू, एकला बंद. शेवटी ह्यांनी निदान केलं, "दुपारच्या उन्हाने तापतं. रात्रभर थंड झालं की सुरू होतं." वाळवंटाकडून गरम वारा सुटलाच होता, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मागे भोक पाडून पंखा बसवला. तरी बंद. मग हा माणूस रोज साडेबाराला आमच्या घरून बर्फाची पिशवी आणायला लागला आणि मशीनच्या पाठीला लावून बसायला लागला, तापकऱ्याला लावावी तशी. मला हसू यायचं, पण असला वेडा नवरा मिळाल्याचा आनंदही व्हायचा.

पण सकाळच्या वेळात काय चाललं होतं ते ऐका. पहिल्या आठवड्यात दोन हजार. दुसऱ्या आठवड्यात मूठ डाव्या हाताच्या मदतीशिवाय गोळ्यावर जायला लागली. तिसऱ्यात नऊ हजार, आणि शिव्या सुरू! "मेल्या, कुठे पळतोस!" किड्यांना हं, रेवदंड्याच्या शिव्या. ती ओरडताना ऐकून मी स्वयंपाकघरात डोळे पुसले. एक आयेलेत तेवढी पूर्ण खूश नव्हती. "मूठ उघडते, मिटते, छान," ती म्हणाली. "पण चिमूट होत नाही. अंगठा आणि बोट जुळल्याशिवाय सुई धरता येणार नाही, बटण लावता येणार नाही." मेमधला शावुओतचा सण तोंडावर आला. हनुक्कापासून सहा महिने भरायला फार दिवस उरले नव्हते. मी बोटांवर मोजायची आणि कुणाला सांगायची नाही.

तो बुधवार होता. हे बर्फ आणायला घरी गेलेले. मी एदनाच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून कांदा चिरत होते. मशीनचा आवाज थांबेचना. मान वर केली तर पडद्यावर ४५,७००.

"वहिनी," ती मागे न बघता म्हणाली, "किती वाजले?"

"एकला चार मिनिटं कमी."

"मेलं ते घड्याळ," ती पुटपुटली. आणि मग तिने काठी सोडली. डावा हात बटणावर तसाच, गोळ्या सुटतायत, जहाज एका जागी उभं. आणि उजवा हात तिने बाजूच्या कपाटामागच्या फटीत घातला. खांद्यापर्यंत. चाचपडत होती. मला कळेना ही करते काय. मग हात बाहेर आला, आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक लाल प्लास्टिकची खुंटी होती, डाळीच्या दाण्याहून थोडी मोठी.

मी सुरी टाकून उठले.

तुम्हाला सांगते काय ते. शबातला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, आम्ही विजेचं बटण दाबत नाही. जेवण गरम ठेवायची शेगडी एका घड्याळाला जोडून ठेवतो. घड्याळाच्या चकतीत खुंट्या असतात, हिरवी खुंटी आली की वीज चालू, लाल आली की बंद. एदनाचं घड्याळ सकाळी सहाला चालू व्हायचं, आणि शनिवारी जेवण आटोपलं की एकला बंद. ती आजारी पडल्यापासून शबातचं जेवण ती आमच्याकडेच जेवायची. शेगडी मी उचलून माळ्यावर टाकली, पण घड्याळ कपाटामागे रोज फिरतच राहिलं. आणि मशीनचा प्लग मी, ह्या हाताने, त्याच्याच वायरीत लावला होता! पाच आठवडे माझा नवरा त्या घड्याळाला बर्फ लावत होता!

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." खुंटी तिने टेबलावर टाकली आणि काठी पुन्हा धरली. "हात दुखायचा गं. थकले म्हणायची मला लाज वाटायची. एक वाजला की आपोआप सुटका. आज मला सुटका नको होती."

आपण काय केलं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मला बोलायचं होतं, एदना, चिमूट! अगं, तुझी चिमूट! पण ४७,९०० झाले होते आणि मी श्वास धरून उभी होते. एक वाजला. एक वाजून एक मिनिट. ४८,२००. किडे पळतायत, ती शिव्या देतेय, मी शिव्या देतेय, आणि मग ४८,३४०! आम्ही दोघी अशा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तेवढ्यात हे दारात, हातात बर्फाची पिशवी. चालू मशीनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पडद्यावरच्या आकड्याकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली. डोळे भरून आले.

"पंखा," ते म्हणाले. "मी काल पंखा फिरवून बसवला होता. बघितलंस पनीना? पंख्यानेच झालं."

मी तोंड उघडलं. एदनाने टेबलावरची लाल खुंटी उचलली, उजव्या हाताने, मुद्दाम, माझ्याकडे बघत, आणि खिशात टाकली. "वहिनी, तू गप," म्हणाली. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून गप बसले.

गुरुवारी मलिदा केला. हे पहिल्या दिवशीच एलियाहू हनाबीला नवस बोलले होते, मला न सांगता. हॉलमध्ये माणसं मावेनात. ओरिट आली, आयेलेत आली, दुकानातला यारोनसुद्धा आला. हे प्रत्येकाला धरून धरून मशीनच्या मागे नेत होते आणि पंख्याबद्दल सांगत होते. आत आम्ही दोघी ताटाशी बसलो. पोहे एदनाने कालवले, उजव्या हाताने, हळूहळू, अर्धे ताटाबाहेर. गूळ बरोबर पडला. मग तिने वेलचीची डबी पुढे ओढली, अंगठा आणि बोट आत घातलं, चिमूटभर वेलची उचलली आणि भुरभुरवली. ताटात थोडी पडली आणि माझ्या नव्या साडीवर बरीच. मी ती झटकली नाही.